वीतभर सूत

दोन वर्षं मी कापडावर संशोधनाचं काम केलं आणि त्या दोन वर्षांत एक माग बंद पाडला. पहिली गोष्ट माझ्या अनुभवपत्रात आहे. दुसरी कुठंच नाही, म्हणून इथं लिहिते आहे.

मी तेव्हा नागपुरात वस्त्रविद्येत एम.ए. करत होते. घरी बालाघाटात हे समजावून सांगण्याचा नाद मी लवकरच सोडला. बाबा मलाजखंडला एका ठेकेदाराचा डंपर चालवायचे, रविवारी घरी यायचे आणि कुणी विचारलंच तर पोरगी कपड्याचं शिकून राह्यली, एवढं सांगून विषय संपवायचे. वॉर्डातल्या बायकांनी त्याचा अर्थ आपल्या सोयीनं लावला. मी सुट्टीत आले की दोनचार जणी घट्ट झालेले ब्लाऊज घेऊन दारात हजर. मला धड तुरपाईही येत नाही हे कळल्यावर एकीनं आईला विचारलं, मंग कॉलेजात हिले शिकवतात तरी काय? तेव्हा मला राग आला होता. आता वाटतं, बाई बरोबर बोलली.

आमच्या विभागातल्या मॅडमचा प्रकल्प हातमागावरच्या जुन्या काठांचा होता. कोणत्या गावात कोणता काठ विणत होते, कसा विणत होते, आता कोण उरलं आहे, हे सगळं लिहून काढायचं. मला सहायक म्हणून घेतलं ते माझ्या मार्कांमुळं नाही, बालाघाटामुळं. तिकडची बोली तुला येते, असं मॅडम म्हणाल्या. मॅडम वाईट नव्हत्या, हे आधीच सांगून ठेवते. अशा हकिगतीत एखादं वाईट माणूस असलं की बाकीच्यांचं फावतं, आणि माझं फावू नये असं मला वाटतं.

वाराशिवनीच्या पुढं एका गावात एक म्हातारे विणकर होते. त्या गावात एकेकाळी घरोघरी माग होते. आता चालू स्थितीत त्यांचा एकच होता, तोही कसाबसा. सगळे त्यांना आबाजी म्हणत, मीही म्हणू लागले. बायको वारलेली. मुलगा गोंदियाला नोकरीला, सून आणि नात गावातच. सुनेला मी वहिनी म्हणायचे. दर शुक्रवारी नागपूरहून घरी यायचं, शनिवारी बालाघाटहून बसनं जायचं, दिवसभर आबाजींच्या मागाशेजारी पोत्यावर बसायचं आणि नोंदपत्रक भरायचं, असं माझं वर्षभर चाललं होतं.

त्यांचा माग जमिनीतल्या खड्ड्याचा. खड्ड्यात पाय सोडून बसायचं, पायानं पावड्या दाबायच्या, हातानं आडव्या दोऱ्याचा म्हणजे बाण्याचा धोटा फेकायचा. काठ मात्र त्यांच्याच घरचा होता. लाल काठात पिवळ्या दोऱ्याचे बारीक दाणे, म्हणून त्याला ते धानाचा काठ म्हणत. त्या काठाचं लुगडं घरातल्या प्रत्येक पोरीला लग्नात द्यायची त्यांच्याकडं रीत होती. आता लुगडं नेसतं कोण? तरी द्यायचं. नात ते नेसणार नाही, पेटीत ठेवेल, हे त्यांनाही माहीत होतं.

नातीचं लग्न उन्हाळ्यात ठरलं होतं आणि आबाजींच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकला होता. मी जायला लागले तेव्हाच ते जवळजवळ आंधळे होते. मागावरचं लुगडं त्यांनी बोटांनी चाचपत पूर्ण केलं, पण अजून मागावरून उतरवलं नव्हतं. ते मॅडमच्या संग्रहाला द्यायचं त्यांनी स्वतः होऊन कबूल केलं होतं. नातीसाठी त्यांना नवं विणायचं होतं, आणि ते डोळ्यांनी बघून. नव्या लुगड्याचा ताणा, म्हणजे उभे दोरे, तयारही होता. सुताला भाताची पेज पाजून, वाळवून, गुंडाळून त्यांनी तो वाशाला टांगून ठेवला होता. डोळ्याचं ऑपरेशन झालं की लगेच लावू, असं ते दर शनिवारी म्हणायचे. अखेर थंडी सरता सरता मुलानं चार दिवसांची रजा काढली आणि त्यांना बालाघाटला दवाखान्यात नेलं.

त्याच आठवड्यात मॅडमचा फोन आला. सोमवारी तपासणीला बाहेरची माणसं येणार होती आणि संग्रहात धानाचा काठ हवाच होता. नमुना झालरीसकट आण, दोरे जितके लांब मिळतील तितके, म्हणजे सूत मोजता येतं, असं त्यांनी बजावलं. त्यांनी चूक काहीच सांगितलं नव्हतं. सगळ्या नमुन्यांचा तसाच नियम होता.

मी रविवारी गेले. वहिनी अंगणात उडदाचे पापड वाळत घालत होत्या. लुगडं न्यायला आले म्हटल्यावर त्या म्हणाल्या की न्या, तुम्हालाच तर द्यायचं आहे, आणि शिवणाची मोठी कात्री आणून दिली.

आता इथं मागाची एक गोष्ट सांगायला हवी. विणलेलं कापड विणकराच्या पोटाशी गुंडाळलेलं असतं. त्याच्या पुढं फणी, फणीच्या पुढं दोऱ्याच्या फाशांचे पडदे, त्यांना वही म्हणतात. उभा प्रत्येक दोरा आपापल्या फाशातून आणि फणीच्या आपापल्या फटीतून ओवलेला असतो. लुगडं पूर्ण झालं की वहीच्या पलीकडं थोडा ताणा उरतो, तो विणता येत नाही. आमच्या पुस्तकात त्याला मागावरची नासाडी म्हटलं आहे. पुस्तकात नासाडी आणि मॅडमना हवी लांब झालर. माझ्या मते दोन्हींचा मेळ बसत होता.

मी वहीच्या पलीकडून कापलं. हजारावर दोरे, मूठमूठ धरून कापले. मग लुगडं हळूहळू माझ्याकडं ओढलं तसे ते दोरे फाशांतून आणि फणीतून सुळकन निघून आले. एकही अडकला नाही. वीतभर लांब, लाल आणि पांढरी झालर हातात आली आणि मला फार छान वाटलं, हे कबूल करते. इतकी स्वच्छ झालर संग्रहातल्या एकाही नमुन्याला नव्हती. मी लुगडं मलमलीत गुंडाळलं, वहिनींकडं चहा प्यायले आणि पापड वाळत घालायला दोन हात लावून संध्याकाळच्या बसनं परतले.

तपासणी उत्तम झाली. मॅडमनी सगळ्यांसमोर माझं नाव घेतलं.

पुढच्या शुक्रवारी वहिनींचा फोन आला. एरवी त्या फोनवर भरपूर बोलायच्या. त्या दिवशी तुम्ही एकडाव येऊन जा, एवढंच म्हणाल्या. मला वाटलं, आबाजींना दिसायला लागलं, त्याचा आनंद सांगायचा असेल. मी बालाघाटातून पावभर पेढे घेतले.

आबाजी खड्ड्यात बसले होते. उजव्या डोळ्याचं ऑपरेशन झालेलं, वर काळा चष्मा. दोन्ही हात वहीच्या फाशांमध्ये घातले होते आणि ते एकेक फासा बोटानं उघडत होते. माझी चाहूल लागली तरी त्यांनी मान वळवली नाही. वहिनी दाराशी उभ्या राहिल्या. पेढ्यांचा पुडा माझ्या हातातच राहिला.

"काहून कापलं?" आबाजींनी विचारलं.

मी झालरीचं सांगायला लागले. मॅडम, नियम, सूत मोजणं. माझंच बोलणं मला शेंडा ना बुडखा असं ऐकू येत होतं. त्यांनी ते पूर्ण होऊ दिलं आणि मग समजावलं, न रागावता, जसं वर्षभर समजावत आले होते तसं. लुगडं फणीच्या अलीकडून कापायचं असतं. वीतभर सूत वहीत आणि फणीत तसंच राहू द्यायचं. नवा ताणा आला की त्याचा एकेक दोरा जुन्या दोऱ्याला पीळ देऊन जोडायचा, त्याला सांधणी म्हणतात. मग सगळा गठ्ठा पुढं ओढला की नवे दोरे आपोआप जुन्यांच्या वाटेनं जातात. ओवायचं काम पडतच नाही.

मी म्हणाले, मी ओवून देते. एकेक दोरा ओवते. कितीही दिवस लागू देत. तुम्ही फक्त क्रम सांगा.

"मले काय मालूम?" आबाजी म्हणाले. "म्या कधी ओवलाच नाही. माह्या बापानंबी नाही ओवला. आज्यानं ओवला असंल. आमी सांधतच आलो."

खाली बसायला पोतं होतं, तरी मी जमिनीवर बसले. लुगड्याच्या अंगाच्या, म्हणजे दोन काठांमधल्या, साध्या विणीचं काही नव्हतं, ती कुणालाही ओवता येते. पण काठाचे दोरे चार वह्यांमधून उलटसुलट गेलेले होते आणि त्यांचा क्रम कोणत्याही माणसाच्या डोक्यात नव्हता. तो फक्त त्या वीतभर सुतात होता. तीन पिढ्या ते सूत कुणी तोडलं नव्हतं. मी शिवणाच्या कात्रीनं चहाच्या आधी तोडलं.

जाताना आबाजी म्हणाले, "तुले तं सांगतलं होतं, पोरी."

मला आठवेना. घरी येऊन सगळी ध्वनिमुद्रणं काढली. टंकायची राहिलेली बरीच होती, दर शनिवारी नव्यांची भर पडायची. आईनं दोनदा जेवायला हाक मारली. पावसाळ्यातल्या एका फायलीत ते सापडलं. मागाचा आवाज थांबतो आणि आबाजी म्हणतात, हे वीतभर सूत आहे ना, हे कधी कापाचं नाही, मागाचा जीव याच्यात हाय. त्यावर माझा आवाज येतो. हौ, हौ. आणि लगेच, बरं आबाजी, आता सांगा, बाण्याचं सूत कोठून आणता? माझ्या पत्रकात पुढचा प्रश्न तो होता. त्याच दिवसाचं पत्रकही मी काढून पाहिलं. शिल्लक ताणा : एक वीत. काठाच्या वहीचा क्रम : पारंपरिक.

पारंपरिक! रकाना रिकामा दिसू नये म्हणून आम्ही सगळ्याच सहायक हा शब्द लिहायचो. मी माझ्या अक्षराकडं बघत बसले.

तरी एक आशा होती. कापड हातात असलं की भिंगाखाली दोरे मोजून वहीचा क्रम उलटा काढता येतो. मी तेवढं तर खरंच शिकले होते. दुसऱ्याच दिवशी नागपूर गाठलं. नमुन्यांच्या खोलीत धानाच्या काठाची फाईल होती आणि फाईलमध्ये दोन बोटं रुंदीचा चौकोनी तुकडा, कडेला कातरलेला, पुठ्ठ्यावर डकवलेला. काठ चार बोटांचा होता. बाकीचा सगळा काठ त्याच आठवड्यात रंगाच्या आणि सुताच्या चाचण्यांत संपला होता. काही जाळून पाहिलं, काही उकळून. अंगाचा भाग इतर महाविद्यालयांना तुकडे करून पाठवला होता. झालर मोजून झाल्यावर फेकली होती.

मॅडमसमोर मी रडले. त्यांनी पाणी दिलं, तो तुकडा न्यायची परवानगी दिली आणि म्हणाल्या, एवढं मनाला लावून घेऊ नकोस, निदान आपल्याकडं नोंद तर पक्की आहे. त्या मनापासून म्हणाल्या. माझी पत्रकं त्यांना पक्की वाटायची. मी तुकडा पिशवीत घातला.

फोटो शेकड्यांनी होते. आबाजींचे हात, आबाजींचा चेहरा, खिडकीतून येणाऱ्या उजेडात माग. एकूण एक फोटोत काठ म्हणजे एक लाल पट्टी. गावात विचारत फिरले तर कळलं की जुनी लुगडी बायकांनी केव्हाच भांडीवालीला देऊन स्टीलचे डबे घेतले. आबाजींच्या बायकोचं शेवटचं लुगडं तिच्यासोबतच गेलं. आत्यांची म्हणजे आबाजींच्या बहिणींची लुगडी गोधड्यांत जाऊन गोधड्याही फाटल्या होत्या. एकीनं दिलेली गोधडी मी उसवली. काठ इतका विटला होता की भिंगाखाली पिंजलेला कापूस दिसला, दोरे दिसलेच नाहीत.

उरली ती अर्धी रुंदी. ती मी आठ दिवसांत चौकटीच्या कागदावर उतरवली, पुन्हा मोजली, पुन्हा उतरवली, आणि तुकडा परत नेऊन फाईलला डकवला. दुसरं अर्धं कसं असेल? आमच्या पुस्तकात काठ मधोमध आरशासारखा उलटतो. मी तसाच उलटवला. दुसरं काय करणार? वर्षभर तो काठ माझ्या नाकासमोर होता, आणि दुसऱ्या अर्ध्यातले दाणे कुठल्या बाजूला झुकतात हे मला आठवत नव्हतं. आबाजींना विचारलं. त्यांनी हवेत बोटं फिरवली, थांबले, म्हणाले की विणताना हातच चालायचा, समोर दिसल्याशिवाय काय सांगू.

मग ओवायला बसलो. मी वहीच्या एका बाजूला आकडी घेऊन, वहिनी दुसऱ्या बाजूला एकेक दोरा पुढं करत. आबाजी शेजारी खाटेवर. मी कॉलेज बुडवलं. रोज सकाळच्या बसनं जायचे. माझी मान धरली, वहिनींच्या बोटांना पेजेनं चिरा पडल्या, आणि आम्ही दोघी फारसं बोलायचो नाही. एकदाच त्या म्हणाल्या, कात्री म्याच आणून देल्ली ना. मी म्हटलं, तुम्हाला काय माहीत होतं? त्या म्हणाल्या, पंचवीस वर्सं या घरात हाय मी. ज्या दोघींनी विचारायला हवं होतं त्याच आम्ही दोघी समोरासमोर बसून दोरे ओवत होतो.

तिसऱ्या आठवड्यात ताणा बसला. लग्नाला महिना उरला होता. आबाजींनी आंघोळ केली, मागाला हळदकुंकू लावलं आणि खड्ड्यात उतरले. चष्मा काढून ठेवला. चार बोटं विणून झालं तोवर मी शेजारी उभी होते. दाणे उमटत होते. पिवळे, बारीक, लाल काठात. मला वाटलं, जमलं. मी वहिनींचा हात धरला.

आबाजींनी धोटा खाली ठेवला आणि वाकून बघू लागले. मग त्यांनी काठावर बोट टेकवलं आणि मधोमध आणून थांबवलं. इथून पुढं दाणे उलटे झुकलेत, असं ते म्हणाले. आपले सगळे एकाच बाजूला झुकतात. वारा आल्यावर धान झुकतं तसे.

मी लगेच कागद काढला. उपसून पुन्हा ओवू, आता कळलं ना कसं ते, आठ दिवसांत होईल, नाहीतर मी इथंच राहते. मी बोलतच होते. आबाजींनी ताण्यातला एक दोरा चिमटीत धरला आणि थोडा ओढला. तो तुटला. दुसरा धरला, तोही तुटला. इतक्या वेळा हाताळून त्याची पेज उडून गेली होती. पुन्हा एकदा फाशांतून जाण्याची ताकद त्यात राहिली नव्हती, आणि नव्यानं सूत आणून, पेज पाजून ताणा करायला आबाजींच्या अंगात ती नव्हती.

"सूत थकलं," ते म्हणाले. मग डोळ्याला हात लावून म्हणाले, "डोया नसता आला तं चाललं असतं, पोरी. हेच आपलं हाय म्हणून विणलं असतं म्या. तिच्या लग्नात देल्लं असतं."

वहिनी पदर तोंडाला लावून आत गेल्या. मी विचारलं, निदान चुकीचा ताणा काढून टाकू का? ते नाही म्हणाले. राहू दे, मागाले उघडं ठेवत नाहीत. विणलेली चार बोटं त्यांनी स्वतः कापली, फणीच्या अलीकडून, आणि पुढचं सूत वहीत तसंच राहू दिलं. हात धरून शिकवल्यासारखं त्यांनी ते माझ्यासमोर केलं.

लग्नाला मी गेले. नातीला गोंदियाच्या दुकानातली साडी दिली होती. आबाजी मांडवात खुर्चीवर बसून होते, सगळं स्वच्छ दिसत असलेल्या डोळ्यानं बघत. माझ्याशी दोन शब्द बोलले, प्रकृती विचारली. पावसाळ्यानंतर ते गेले. मी तेव्हा पदवी घेऊन बालाघाटातच एका शाळेत शिकवायला लागले होते.

गेल्या महिन्यात एका मुलीचा फोन आला. मॅडमची नवी सहायक. आवाजावरून हुशार वाटली. माझा नंबर तिला जुन्या फाईलमध्ये मिळाला होता. ती म्हणाली, ताई, मी त्या गावात जाऊन आले, वहिनींनी माग अजून तसाच ठेवलाय. वहीत जुना ताणा आहे. मी एकेक दोरा मोजून काठाचा पूर्ण क्रम उतरवून घेतला, तीन दिवस लागले, एकही दोरा तोडला नाही. मॅडम खूप खूश आहेत. फाईलमधल्या तुकड्याशीही तो जुळतो. हा त्यांचा पारंपरिकच क्रम ना?

मी तिला सांगितलं की नाही. अर्धा त्यांचा आहे, अर्धा माझा आहे.

पलीकडं पेन उघडल्याचा आवाज आला आणि तिनं अगदी नम्रपणे विचारलं, "मग खरा कसा होता, ताई?"